पाकोळी बसत का नाही?

पाकोळी (इंग्रजीत स्विफ्ट) हा पक्षी ओळखायची सगळ्यात सोपी खूण म्हणजे ती तारेवर बसत नाही. थंडी सुरू झाली की खाली मालवण-देवगडपासून वर अलिबागपर्यंत किनाऱ्यालगतच्या विजेच्या तारांवर ओळीने बसलेले काळे-निळे चकचकीत पक्षी दिसतात, लोक त्यांचे फोटो काढतात आणि ग्रुपवर पाकोळ्या म्हणून टाकतात, त्या पाकोळ्या नव्हेत, भिंगऱ्या. तारेवर, फांदीवर, अँटेनावर, कुठेही निवांत बसलेली दिसली की भिंगरीच समजायची. पाकोळीला असं बसताच येत नाही, पायच तसे नाहीत.

साध्या पक्ष्याची तीन बोटं पुढे आणि एक मागे असतं, त्या मागच्या बोटामुळे फांदी मुठीत धरता येते. आपल्याकडे देवळात, पुलाखाली, एसटी स्टँडच्या छताला जी घरटी करते ती घरपाकोळी, तिची चारही बोटं पुढे वळतात. पाय इवलेसे, जवळजवळ पिसांतच लपलेले, नखं तेवढी अणकुचीदार. या पायांनी खडबडीत भिंतीला लटकायचं एवढंच जमतं. चालणं नाही, टुणटुण उड्या नाहीत, अंगणात दाणे टिपणं तर नाहीच नाही.

दिसायला दोघी सारख्या म्हणून नातं जवळचं असेल असं वाटतं, पण तसंही नाहीये. भिंगरी ही चिमणी-बुलबुलच्या मोठ्या खटल्यातली, आणि पाकोळीचे जवळचे नातेवाईक कोण तर अमेरिकेतले हमिंगबर्ड! उडता उडता किडे पकडायचे हा एकच धंदा दोघींनी वेगवेगळा सुरू केला आणि धंद्यापायी अंगाची ठेवण सारखी होत गेली. तरी नीट बघितलं तर फरक कळतो. पाकोळीचे पंख कोयतीसारखे वाकडे, अरुंद आणि अंगाच्या मानाने फारच लांब, आणि उडताना ती भराभर पंख मारते मग एकदम ताठ ठेवून तरंगते, परत भराभर मारते. घरपाकोळीच्या शेपटीच्या वर पांढरा पट्टा असतो, ती वळली की चमकतो, तेवढा दिसला की काम झालं.

आता तो फॉरवर्ड. तुम्हालाही आलाच असेल, "हा पक्षी दहा महिने जमिनीवर उतरत नाही". बातमी खरी आहे, पण आपल्या घरपाकोळीची नाही. ती युरोपातल्या कॉमन स्विफ्टची. (आपल्या देशात हीच जात बघायची तर काश्मीर-लडाखला जावं लागेल, उन्हाळ्यात तिकडे घरटी करते.) आपली घरपाकोळी दिवसभर हवेत असते हे खरं, पण अंधार पडला की घरट्यात येऊन झोपते, अगदी अंडी-पिल्लं नसली तरी. म्हणून तर संध्याकाळी त्या ठराविक देवळाभोवती नाहीतर पुलाभोवती त्यांचा तो चिरचिर गोंगाट असतो, घिरट्या घालता घालता एकेक करून आत शिरतात.

दहा महिन्यांची गोष्ट कशी कळली ते मात्र ऐकण्यासारखं आहे. स्वीडनमध्ये लुंड विद्यापीठाचे अँडर्स हेडनस्ट्रॉम म्हणून संशोधक आहेत, त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या पाकोळ्यांच्या पाठीवर जेमतेम एक ग्रॅमच्या आसपास वजनाचं यंत्र बांधलं. पक्षीच मुळात चाळीस ग्रॅमचा, त्यामुळे सॅटेलाइटला सिग्नल पाठवणारं वगैरे जड काही चालणार नव्हतं. यंत्रात दोनच गोष्टी, हालचाल टिपणारा सेन्सर आणि उजेड टिपणारा सेन्सर. उजेडावरून दिवस कधी उगवला कधी मावळला ते कळतं आणि त्यावरून पक्षी साधारण पृथ्वीवर कुठे होता ते काढता येतं, आणि हालचालीवरून पंख मारतोय, तरंगतोय की कुठेतरी लटकून गप्प बसलाय ते कळतं. गोम अशी की यंत्र माहिती पाठवत नाही, फक्त साठवून ठेवतं, म्हणजे पक्षी आफ्रिकेला जाऊन पुढच्या वर्षी परत आपल्याच घरट्यात येईपर्यंत वाट बघायची, मग त्याला पकडायचं आणि यंत्र सोडवायचं. पाकोळ्या वर्षानुवर्षं त्याच घरट्यात येतात म्हणून हे जमलं.

२०१६ मध्ये त्यांनी निष्कर्ष छापले. तेरा पक्ष्यांची माहिती होती. घरटं सोडल्यापासून परत घरट्यात येईपर्यंतच्या दहा महिन्यांत या पक्ष्यांनी ९९ टक्क्यांहून जास्त वेळ हवेत काढला. काही जण हिवाळ्यात थोडा वेळ कुठेतरी टेकले, पण तीन पक्षी असे निघाले की ते एकदाही टेकले नाहीत. स्वीडनहून आफ्रिका, आफ्रिकेत अख्खा हिवाळा, परत स्वीडन, सगळं पंखांवर. आणि गंमत बघा, जे अजिबात उतरले नाहीत त्यांनी त्या काळात पंखांची जुनी पिसं टाकून नवी आणली होती, तीही उडता उडता. जे टेकले त्यांच्या पंखांवर जुनीच पिसं होती, तेव्हा पिसं न बदलणारे पक्षी बहुतेक तब्येतीनेच जरा कमी असावेत असा अंदाज त्यांनी बांधला.

त्याच्या आधी २०१३ मध्ये स्विस संशोधकांनी अल्पाइन स्विफ्टचा असाच हिशोब काढला होता, तिथे २०० दिवस सलग उड्डाण निघालं. ही जात आपल्या सह्याद्रीत आहे बरं का. घाटात कड्यावर उभे असताना कानाशेजारून काहीतरी झपकन सूं करून गेलं, वळून बघावं तर एवढा मोठा पक्षी, पोट पांढरं आणि छातीवर तपकिरी पट्टा, ती हीच. आपल्याकडच्या या पाकोळ्या तशा २०० दिवस वर राहतात असं मी म्हणत नाहीये, तो अभ्यास स्वित्झर्लंडहून आफ्रिकेला जाणाऱ्या पक्ष्यांचा होता.

बरं, इतके दिवस वर राहायचं म्हणजे खायचं काय, प्यायचं काय? खाणं सोपं. हवा आपल्याला रिकामी वाटते पण ती किड्यांनी भरलेली असते, मावा, छोट्या माश्या, उडणारे मुंगळे, आणि धाग्याला लोंबकळत वाऱ्यावर निघालेले कोळीसुद्धा. पाकोळीची चोच बाहेरून बघितली तर नखाएवढी, पण तोंड उघडलं की डोळ्यांखालपर्यंत फाटतं. डोळे खोबणीत आत बसलेले आणि त्यांच्यापुढे राठ पिसांचा छोटा आडोसा, वेगात किडे डोळ्यात जाऊ नयेत आणि समोरचं ऊन लागू नये म्हणून. जूनच्या पहिल्या जोरदार सरीनंतर वाळवीला पंख फुटून ढगच्या ढग जमिनीतून वर येतो, त्या संध्याकाळी सड्यावर जाऊन उभे राहा. आधी कोतवाल, मग घारी, आणि सगळ्यांच्या वर पाकोळ्या, नुसती धुमाळी असते. पिल्लांसाठी न्यायचं असेल तर पाकोळी किडे लगेच गिळत नाही, घशात थुंकीने त्याची गोळी करत जाते, युरोपातल्या पाकोळीच्या एकेका गोळीत ३०० पासून पार १००० पर्यंत किडे मोजलेत लोकांनी. मोजणाऱ्याची कमाल आहे.

पाणी पण उडतानाच. तळ्यावरून नाहीतर खाडीच्या वरच्या गोड्या पाण्यावरून खाली झेपावायचं, खालची चोच पाण्यातून ओढत न्यायची आणि वर. आंघोळ पावसात. घरट्यासाठी लागणारी पिसं, काड्या, कापूस हे सगळं वाऱ्यावर उडत असेल तेव्हाच पकडायचं, जमिनीवरून उचलायची सोय नाही. युरोपातल्या पाकोळ्यांचं तर मीलनही हवेत होऊ शकतं.

झोपेचं काय हा प्रश्न सगळ्यांना पडतो, आणि मला विचाराल तर सगळ्यात भारी भाग हाच आहे. पहिल्या महायुद्धातला एक फ्रेंच वैमानिक सांगायचा की रात्री शत्रूच्या हद्दीवर साधारण ३००० मीटर उंचीवर इंजिन बंद करून तरंगत खाली येत असताना तो एका थव्यात घुसला, पक्षी विमानाची दखलच घेत नव्हते, जणू झोपेत होते. नंतर एक पक्षी विमानात अडकलेला सापडला, ती पाकोळी होती. लोकांना ही थाप वाटायची. पण पुढे रडारवर दिसलं की संध्याकाळी आणि पहाटे, दिवसातून दोनदा, या पाकोळ्या अडीच-अडीच किलोमीटर वर चढतात आणि मग हळूहळू खाली येतात. यातली पहाटेची चढाई झोपेसाठी असेल असं वाटत नाही. तितक्या उंचावरून लांबचा मुलूख दिसतो, येणारं हवामान कळतं, आणि संधिप्रकाशात आकाशातल्या उजेडाची जी विशिष्ट ठेवण असते त्यावरून दिशा पक्की करता येते, त्यासाठी असावी असं संशोधकांचं म्हणणं.

झोप मोजायची तर मेंदूच्या लहरी मोजाव्या लागतात, त्याला डोक्यावर यंत्र बसवायला लागतं, आणि चाळीस ग्रॅमच्या पक्ष्याला ते कुठलं झेपणार. म्हणून तो प्रयोग झाला फ्रिगेट नावाच्या मोठ्या समुद्रपक्ष्यावर, गालापागोस बेटांवर, २०१६ मध्येच. (हे फ्रिगेट पक्षी पावसाळ्यातल्या वादळी वाऱ्यात भरकटून कधीमधी आपल्या किनाऱ्यावरही येतात.) त्यात कळलं की पक्षी उडता उडता खरंच झोपतो, बऱ्याचदा अर्धा मेंदू झोपतो आणि अर्धा जागा, एक डोळा उघडा. कधी कधी तर दोन्ही भाग एकदम झोपतात आणि तरी पक्षी पडत नाही. पण एकूण झोप किती, दिवसाला सरासरी ४२ मिनिटं! तोच पक्षी बेटावर उतरला की बारा-बारा तास घोरतो. म्हणजे वर असताना तो कमी झोपेवर चालवून घेतो. पाकोळीचंही असंच काहीतरी असणार असं धरून चालतात.

पंखांचं पण थोडं सांगायला हवं नाहीतर हे सगळं जादूच वाटेल. पाकोळीच्या पंखात खांद्याजवळचं हाड अगदी आखूड आणि पंजाचा भाग प्रचंड लांब, म्हणजे जवळजवळ अख्खा पंख हा तिचा हाताचा पंजाच आहे. तो ती पसरू शकते आणि मागे दुमडूही शकते. नेदरलँड्समध्ये डेव्हिड लेंटिंक आणि मंडळींनी २००७ मध्ये वाऱ्याच्या बोगद्यात पाकोळीचे खरे पंख ठेवून मोजलं, पूर्ण पसरलेले पंख सावकाश तरंगायला बरे आणि मागे वळवलेले पंख वेगात आणि झटक्यात वळायला बरे. त्या त्या वेळी योग्य ठेवण निवडली तर खाली येण्याचा वेग निम्मा होतो किंवा वळण्याचा वेग तिप्पट. विमान बनवणाऱ्यांना हे पाहून हेवा वाटतो म्हणतात ते उगाच नाही. २०१० मध्ये स्वीडनमध्येच एका कॉमन स्विफ्टचा सरळ उडतानाचा वेग ताशी १११ किलोमीटरहून थोडा जास्त मोजला गेला, वाऱ्याची मदत न घेता, सूर मारून नव्हे, नुसतं पंख मारून. एवढ्या वेगाने मुंबई-गोवा हायवेवर गाडी चालवून दाखवा, खड्डे सोडूनच द्या.

तर हवेत सगळं जमतं, एक अंडं सोडून. अंडं हवेत ठेवता येत नाही. तेवढ्यासाठी पाकोळीला कशाला तरी चिकटावं लागतं, आणि चिकटणं हा शब्द अगदी शब्दशः घ्या कारण तिच्याकडे गवंडीकामाला एकच माल आहे, स्वतःची थुंकी. विणीच्या दिवसांत जिभेखालच्या ग्रंथी फुगतात, चिकट लाळ सुटते आणि हवेत वाळली की घट्ट होते. घरपाकोळीचं घरटं जवळून बघितलंत तर दिसेल, कोंबडीची पिसं, गवताच्या काड्या, कापूस, सगळा कचरा छताला नाहीतर तुळईच्या कोपऱ्यात थुंकीने डकवलेला, वरून वाळलेल्या गोंदासारखा हलका तकाकणारा पापुद्रा, एकाला एक लागून सहा-आठ घरटी, आणि बाजूला आत शिरायला भोक. गबाळं दिसतं खरं, पण वर्षानुवर्षं टिकतं. चिमण्या यावर टपून असतात, रिकामं दिसलं की कब्जा.

ताडपाकोळी ह्याच्या पुढची. ती बारीक, लांब शेपटीची, पालघर-डहाणूकडे जिथे ताड भरपूर तिथे हमखास. ताडाच्या लोंबत्या पानाच्या खालच्या बाजूला ती चमच्याएवढं घरटं डकवते, आणि अंडी? तीही थुंकीने डकवते. पान वाऱ्याने उभं आडवं होतंय, पावसाळी वारा सुटलाय, आणि अंडी जागच्या जागी. आमच्याकडे नारळ पाडायला येणाऱ्या पाडेल्याला मी हे मोठ्या उत्साहाने सांगायला गेलो तर तो म्हणाला, "माका म्हायत आसा ओ, चिकटलेली आसतत ती, वारो इलो तरी पडणत नाय." झालं! तुम्ही-आम्ही खालून माना मोडून बघणार, तो शेजारी चढून बघून आलेला.

तुरेवाली पाकोळी म्हणून एक आहे, ती खरं तर वेगळ्या कुटुंबातली, आणि ती मात्र फांदीवर व्यवस्थित बसते, सुरुवातीचा नियम मोडायला एक जण पाहिजेच ना. आडव्या फांदीच्या कडेला तिचं इतकं चिमुकलं घरटं असतं की एकच अंडं मावतं, आणि बसलेला पक्षी फांदीवरच बसलाय असं वाटतं.

आणि मग निवतीच्या समोर समुद्रात वेंगुर्ला रॉक्स. दीपगृह असलेले ते खडक तुम्ही बोटीतून पाहिले असतील. तिथे बर्न्ट आयलंडच्या गुहांमध्ये भारतीय गुहापाकोळीची वसाहत आहे. गुहेत मिट्ट अंधार, तिथे वेगाने उडणारा पक्षी भिंतीवर कसा आपटत नाही, तर तो टिकटिक आवाज काढतो आणि प्रतिध्वनीवरून अंदाज घेतो. वटवाघळासारखंच, फक्त वटवाघळाचा आवाज आपल्याला बहुतेक ऐकू येत नाही आणि हिचा येतो. बाहेर उजेडात आली की टिकटिक बंद. हिच्या घरट्यात पिसं-काड्या थोड्या आणि थुंकी जास्त, आणि तिथेच घात झाला. चीनमध्ये पाकोळीच्या थुंकीच्या घरट्याचं सूप मोठ्या किमतीला विकतात, त्यासाठी २००० सालाच्या आसपास या गुहांमधून घरटी खरवडून नेण्याचा चोरटा धंदा चालायचा. घरटं गेलं की पक्षी परत थुंकी गोळा करून नवं बांधायला घेतो, त्यात आठवडे जातात, तेही गेलं की परत, आणि हे सगळं होईपर्यंत पावसाळा येऊन ठेपतो. अंडी घालायची कधी? चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने वनखात्याला बरोबर घेऊन तिथे लक्ष घातलं, आज या पक्ष्याला कायद्याचं संरक्षण आहे.

आपल्या घरपाकोळीच्या थुंकीला बाजार नाही हे तिचं नशीब. तिचा त्रास वेगळाच. आपल्याकडे गणपतीआधी घरं, देवळं, सभामंडप सगळं झाडून पुसून रंगवायचं असतं, आणि छतातली घरटी म्हणजे जळमटं, काठीने पाडायची हे ठरलेलं. तिची वीण साधारण फेब्रुवारीपासून सुरू होते आणि पावसाळ्यातही चालू असते, त्यामुळे ऐन श्रावणात घरट्यात पिल्लं असू शकतात. मला गणपतीची साफसफाई बंद करा असं बिलकुल म्हणायचं नाहीये, पण घरट्याखालचा फूटभर कोपरा न रंगवता सोडला तर देव काही रागावणार नाही. खाली घाण पडते हा आक्षेप बरोबर आहे, त्यासाठी घरट्यांच्या खाली हातभर अंतरावर एक फळी ठोकून टाका, काम भागतं. वीण संपल्यावर पाडली तर चालतील का असं काही जण विचारतात, तर नाही, कारण त्या बारा महिने त्यातच झोपतात.

पिल्लू खाली पडलेलं सापडलं तर काय करायचं हेही सांगून ठेवतो. पाकोळीचं पिल्लू इतर पिल्लांसारखं आईबापांच्या मागे उडायला शिकत नाही. युरोपातल्या जातीत बघितलंय की ते घरट्यातच पंखांवर अंग उचलून दंड-बैठकांसारखा व्यायाम करतं, शेवटच्या दिवसांत वजन कमी करून घेतं, आणि एक दिवस बाहेर पडतं ते थेट उडतच. मध्ये वाईट हवामानाने आईबाप अडकले तर ते अंग थंड पाडून, सगळ्या क्रिया मंद करून काही दिवस उपाशीही काढू शकतं. त्यामुळे पडलेलं दिसलं की आधी पंख बघा. पिसं अर्धवट असतील आणि घरट्यापर्यंत हात पोचत असेल तर परत घरट्यात ठेवा, माणसाचा हात लागला म्हणून आई टाकून देते वगैरे काही नसतं. पंख पूर्ण वाढलेले आणि मिटल्यावर शेपटीच्या पुढे जात असतील, जखम नसेल, तर मोकळ्या जागी उंचावर जाऊन तळहात उघडा धरा आणि थांबा, जायचं तर ते स्वतः जाईल. हवेत भिरकावू मात्र नका, आपटलं की संपलं. आणि दूधभात, भिजवलेली पोळी, केळं, यातलं काहीही भरवू नका, ड्रॉपरने चोचीत पाणी तर अजिबात घालू नका, ते श्वासनळीत जातं. झाकणाला भोकं पाडलेल्या खोक्यात जुनं सुती कापड अंथरून अंधारात ठेवा आणि वनखात्याच्या १९२६ या हेल्पलाइनला फोन लावा. खोक्यात कापडाची एक बाजू वर टांगून ठेवलीत तर ते नखं रोवून तिथे लटकेल, तळाला आडवं पडून राहण्यापेक्षा त्याला ते बरं वाटतं.